विद्वत्तेचे वजन कोणी करायचे?

विद्वान कोणाला म्हणावे, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे उत्तर आकड्यात देता येते, ही समजूत मात्र अलीकडची आहे. पूर्वी एखाद्या अभ्यासकाची चौकशी होई तेव्हा त्याचा उस्ताद कोण, त्याने कोणता ग्रंथ लिहिला, त्याचे कोणते मत टिकले, असे विचारले जाई. आता नेमणूक असो, बढती असो की संशोधनाचे अनुदान असो, अर्जात रकाने असतात. शोधनिबंध किती? ते किती वेळा उद्धृत झाले? एच-इंडेक्स किती? सहलेखक किती आणि त्यांतले परदेशी किती? रकाने भरले की अर्जदाराचे एक वजन तयार होते. तो माणूस नेमके काय म्हणतो हे न वाचताही मग त्याचा निकाल लावता येतो.

आमचा आक्षेप या न वाचण्याला आहे. मोजण्याची कोणती रीत बरोबर, एवढाच वाद असता तर तो संख्याशास्त्राच्या जाणकारांवर सोपवून आम्ही मोकळे झालो असतो. पण एका माणसाच्या आयुष्यभराच्या कामाचा न्याय ते काम न वाचता करावा काय, हा नीतीचा प्रश्न आहे आणि तो आपल्या सर्वांचा आहे. आपल्या कितीतरी घरांतली पहिली किंवा दुसरी पिढी आता कुठे पीएच.डी.पर्यंत पोचते आहे. तिच्या कामाला कोणता गज लावला जाणार, याची फिकीर आपण करायची नाही तर कोणी करायची?

उल्लेख म्हणजे मुळात काय, तेथून सुरुवात करू. एखादा लेखक दुसऱ्याच्या कामाचा दाखला देतो तेव्हा तो तीन गोष्टी करतो. ही गोष्ट आपण स्वतः शोधलेली नाही, हे तो मान्य करतो. ज्याने शोधली त्याचे नाव सांगून त्याचे ऋण नोंदवतो. आणि शंका असेल तर जाऊन तपासा, अशी वाट वाचकाला दाखवतो. म्हणजे उल्लेख ही अमानत आहे. ज्याची वस्तू त्याच्या नावावर ठेवणे, एवढाच त्यातला प्रामाणिकपणा. त्यात मोठेपणाची मोजणी कोठेच नाही.

मग ही मोजणी आली कोठून? १९५५ साली युजीन गारफिल्ड या अमेरिकन अभ्यासकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. एखादा जुना शोधनिबंध हाती घेतला तर त्यानंतर त्याचा दाखला कोणी कोणी दिला हे चटकन कळावे, अशी सूची तयार करावी, ही त्यांची सूचना होती. हेतू सरळ होता. खोटी, अपुरी किंवा शिळी झालेली माहिती लोक डोळे झाकून पुढे नेतात. त्या माहितीवर नंतर कोणी टीका केली असेल, तर ती वाचकाला सापडावी. म्हणजे ही सूची मुळात वाचणाऱ्यासाठी होती, तपासणाऱ्यासाठी होती.

या कल्पनेचा नमुना त्यांना वकिलांच्या जगात मिळाला. फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या न्यायनिवाड्यांची सूची छापायला सुरुवात केली होती. एखाद्या निवाड्याचा आधार नंतरच्या कोणत्या निवाड्यांनी घेतला, हे त्या परंपरेतल्या सूचीत सापडे. सोबत खुणेची अक्षरेही असत. हा निवाडा वरच्या न्यायालयात कायम झाला, हा फिरवला गेला, याच्यावर टीका झाली, असे त्या खुणा सांगत. वकिलाला निवाडा किती वेळा उल्लेखला गेला याच्याशी फारसे कर्तव्य नसते. तो अजून उभा आहे की पडला, हे त्याला हवे असते. गारफिल्ड यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तीत उल्लेख आले, खुणा आल्या नाहीत. एवढ्या प्रचंड साहित्यातील प्रत्येक उल्लेख मान्यतेचा की खंडनाचा, हे ठरवत बसणे त्या काळी शक्यही नव्हते. पण जे गळाले तेच महत्त्वाचे होते. खुणा गळाल्यावर हाती उरली ती फक्त संख्या.

मुस्लिम वाचकाला यावरून दुसरी एक परंपरा आठवल्याशिवाय राहणार नाही. हदीसच्या अभ्यासात मजकुराआधी सनद येते. हे मला अमुकाने सांगितले, त्याला तमुकाने, त्याला आणखी कोणी, अशी ती साखळी असते. दाखला देण्याची इतकी काटेकोर शिस्त त्या काळी क्वचितच कोठे असेल. मुहद्दिसांनीही रावी मोजले. प्रत्येक पिढीत इतक्या जणांनी सांगितले, की त्या सर्वांनी संगनमत करून खोटे रचणे शक्य नाही, अशा रिवायतीला त्यांनी मुतवातिर म्हटले. पण ती अट पाहा. संख्या पुरावा ठरते ती संगनमत अशक्य असेल तेव्हाच. बहुतेक रिवायती या कसोटीत बसत नाहीत. मग त्यांनी मोजणे थांबवले आणि चौकशी सुरू केली. हा रावी सचोटीचा होता काय? त्याची स्मरणशक्ती कशी होती? ज्याच्याकडून ऐकल्याचे तो सांगतो, त्याला तो खरोखर भेटला असेल काय? या चौकशीतून रावींच्या चरित्रांचे मोठमोठे कोश तयार झाले. इब्न हजर अस्कलानी (१३७२–१४४९) यांचा ‘तहजीब अल-तहजीब’ त्यांतलाच एक. शिवाय, एखाद्या रावीला कमी लेखायचे असेल तर कारण सांगा, विनाकारण केलेली जरह आम्ही मानणार नाही, असा अनेक मुहद्दिसांचा दंडक होता. जुन्या काळाचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. मोजणी ही चौकशीची सुरुवात असते, निकाल नसतो, हे माणसांना हजार वर्षांपूर्वी कळत होते, एवढेच आम्हांला दाखवायचे आहे.

आधुनिक विद्यापीठांत मात्र मोजणीचाच निकाल झाला. १९७५ पासून नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागलेला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हे नियतकालिकाचे माप होते. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना यंदा सरासरी किती उल्लेख मिळाले, एवढेच तो सांगतो. ग्रंथालयाने कोणती नियतकालिके घ्यावीत, हे ठरवताना त्याचा उपयोग होई. पुढे तोच त्या नियतकालिकात लिहिणाऱ्या माणसाला चिकटवला गेला. मशिदीतल्या नमाजींचे सरासरी वय काढून ते पहिल्या सफेत उभ्या असलेल्या मुलाला लावण्यासारखाच हा प्रकार.

२००५ साली कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी माणसासाठीच एक माप सुचवले, तो एच-इंडेक्स. ज्याचे १० निबंध प्रत्येकी किमान १० वेळा उद्धृत झाले, त्याचा एच-इंडेक्स १०. समजायला सोपा, संगणकावर क्षणात मिळणारा. आता दोन माणसे कल्पून पाहू. एकाने आयुष्यात तीनच निबंध लिहिले आणि प्रत्येकाचा दाखला हजार जणांनी दिला. त्याचा एच-इंडेक्स ३. दुसऱ्याने २० निबंध लिहिले आणि प्रत्येकाला २० उल्लेख मिळाले. त्याचा २०. या दोघांत मोठा कोण, हे आम्ही सांगू शकत नाही, कारण त्यांनी काय लिहिले हे आम्ही वाचलेले नाही. पण आकड्याला ही अडचण येत नाही, तो लगेच उत्तर देतो. १५ वर्षांनी, २०२० मध्ये, खुद्द हर्श यांनी लिहिले की हे माप कधी कधी साफ फसते आणि त्याचे गंभीर दुष्परिणाम होतात.

आकड्याला काय दिसत नाही? पहिली गोष्ट, त्याला होकार आणि नकार यांतला फरक कळत नाही. १९९८ साली ब्रिटनमधील अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १२ मुलांविषयी एक निबंध लिहून गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. २०१० मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. त्याचे उल्लेख भरपूर आहेत, पण बहुतेक उल्लेख त्याला खोडून काढण्यासाठी केलेले आहेत. मोजणाऱ्या यंत्राला मात्र तो यशस्वी निबंध दिसतो.

दुसरी गोष्ट, आकड्याला सबुरी ठाऊक नाही. मेंडेल यांचा आनुवंशिकतेवरील निबंध १८६६ मध्ये छापला गेला आणि त्याची खरी ओळख पटली १९०० साली. तोवर मेंडेल यांना जाऊन १६ वर्षे झाली होती. फार मागचे उदाहरण नको असेल तर काटालिन कारिको यांचे घ्या. एमआरएनएवरील त्यांच्या कामाला अनुदान मिळेना, म्हणून अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९५ साली त्यांना खालच्या पदावर आणले गेले. २००५ मध्ये त्यांनी ड्र्यू वाइसमन यांच्यासह लिहिलेल्या निबंधाकडेही सुरुवातीला फारसे कोणी वळून पाहिले नाही. पुढे कोविडच्या लसी त्याच पायावर उभ्या राहिल्या आणि २०२३ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. पीटर हिग्ज यांचा प्रसिद्ध निबंध १९६४ चा. त्यानंतर त्यांनी दहाहून कमी निबंध लिहिले. २०१३ मध्ये नोबेल मिळाले तेव्हा ते म्हणाले होते की आजच्या व्यवस्थेत आपल्याला नोकरीच मिळाली नसती.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. काही काम इतके सर्वांचे होऊन जाते की त्याचा दाखला देण्याची गरजच उरत नाही. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात वाढलेले, राहिलेले दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत आहेत. मुळात ते गणिती. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर काढण्याचे एक सूत्र त्यांनी १९४४ साली मांडले. ते आजही ‘कोसंबी फंक्शन’ या नावाने जगभरच्या जनुकशास्त्रात वापरले जाते. संगणकाच्या आज्ञावलीत ते एक पर्याय म्हणून बसले आहे. पिकांवर काम करणारा संशोधक ते निवडतो आणि पुढे जातो. मूळ निबंधाचा दाखला दिला नाही तरी त्याचे अडत नाही. ज्याचे नाव सामान्य नाम झाले, त्याचे उल्लेख कसे मोजणार?

याच कोसंबींनी प्राचीन भारतीय नाण्यांवर केलेले काम येथे आवर्जून सांगावेसे वाटते. त्यांनी हजारो नाणी एक एक करून तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, त्याचे वजन घटते. त्या घटीवरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज संख्याशास्त्राने बांधता येतो. म्हणजे मोजणी त्यांनीही केली, आणि तीही भरपूर. पण आपण काय मोजतो आहोत आणि कोणत्या प्रश्नासाठी मोजतो आहोत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. नाणे जड आहे म्हणून ते श्रेष्ठ, असे ते कधी म्हणाले नसते. आमचे भांडण वजनकाट्याशी नाही. काट्यावर ठेवलेली वस्तू न पाहता निकाल देणाऱ्याशी आहे.

आता सहकार्याकडे वळू. ज्ञान एकट्याने मिळत नाही, हे खरेच आहे. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाविषयी युरोपातील सर्न येथील दोन प्रयोगांनी मिळून जो निबंध लिहिला, त्याला ५,१५४ लेखक होते. निबंधाच्या ३३ पानांपैकी २४ पाने लेखकांची नावे आणि त्यांच्या संस्था यांनीच भरली. एवढे यंत्र उभारायला इतकी माणसे लागतातच, तेव्हा त्यात हसण्यासारखे काही नाही. पण त्यांतल्या प्रत्येकाच्या नावावर तोच निबंध आणि तेच उल्लेख जमा होतात. शेजारच्या विभागात एकट्याने एक सिद्धता लिहिणाऱ्या गणितज्ञाशी त्यांची तुलना कोणत्या तोंडाने करायची? गणितज्ञांनी सहलेखनाची एक गमतीची मोजणी काढली होती. हंगेरियन गणिती पॉल एर्डोश (१९१३–१९९६) यांनी सुमारे १,५०० निबंध लिहिले आणि ५०० हून अधिक जण त्यांचे सहलेखक होते. त्यांच्याबरोबर ज्याने लिहिले त्याचा एर्डोश-क्रमांक १, त्या माणसाबरोबर ज्याने लिहिले त्याचा २. ती थट्टा होती आणि थट्टा म्हणूनच ती गोड होती. आज सहलेखकांची संख्या अर्जात गंभीरपणे लिहिली जाते.

आपल्याकडे तर तिचा हिशेबही ठरवून दिला गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत निबंधाला दोन लेखक असतील तर प्रत्येकाला त्या निबंधाच्या ७० टक्के गुण, आणि दोनांहून अधिक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के व बाकी प्रत्येकाला ३० टक्के, अशी तरतूद होती. म्हणजे दोघांनी मिळून लिहिले की एका निबंधाचे १४० टक्के होतात. सहा जणांनी लिहिले की २२० टक्के. एक भाकरी जितक्या जणांत वाटावी तितकी ती वाढत जाते, अशी बरकत फक्त कागदावरच शक्य असते. ज्या निबंधाला हात लावलेला नाही त्यावर विभागातील वडीलधाऱ्यांचे नाव अदबीने घालण्याची चाल अशा हिशेबाने बळावते. उलट, ज्याने खरोखर काम केले त्याचे नाव गळते तेव्हा कोणाला पत्ताही लागत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. ज्याचे नाव आधीच मोठे, त्याच्याच पदरात श्रेय पडत जाते, असे त्यात दाखवले होते. त्याला त्यांनी ‘मॅथ्यू परिणाम’ हे नाव दिले. निबंधातील बरीच सामग्री हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखतींतून आली होती. झुकरमन याही लेखिका म्हणून असायला हव्या होत्या, असे मर्टन यांनीच पुढे लिहिले. पण निबंध आजही मर्टन यांच्या एकट्याच्या नावावर आहे. श्रेयाच्या अन्यायावर लिहिलेल्या निबंधातच तो अन्याय घडला.

मोजमाप हेच उद्दिष्ट झाले की ते चांगले मोजमाप राहत नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाविषयी मांडलेला हा विचार शिक्षणाला तंतोतंत लागू पडतो. ब्राझीलमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे मूल्यमापन नियतकालिकांच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर होऊ लागले, तेव्हा २०१३ मध्ये तेथील चार वैद्यकीय नियतकालिके एकमेकांचे उल्लेख ठरवून वाढवल्याबद्दल त्या यादीतून बाजूला काढावी लागली. मुहद्दिसांची संगनमताची अट येथे आठवावी. आपल्या देशात २०१० पासून प्राध्यापकांच्या नेमणुकीला व बढतीला ‘एपीआय’चे गुण लागू झाले. निबंधाला गुण आले, तसा निबंधांचा बाजारही आला. पैसे घेऊन आठवड्याभरात छापून देणारी नियतकालिके निघाली. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके काढून टाकावी लागली. मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाने तिचे काम पाहिले आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. पीएच.डी.साठी निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२ च्या नियमांत उठली. नियम येतात, जातात. ज्या तरुणांनी दरम्यान कर्ज काढून निबंध छापले, त्यांचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा?

इथवर वाचून कोणी म्हणेल, की मग आकडे फेकून द्या. एवढे सोपे ते नाही, आणि आमच्या वाचकांना तर ते मुळीच सोपे वाटणार नाही. आकडा नव्हता तेव्हा काय होते, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा वशिला होता. निवड समितीतील माणसे कोणाच्या गावची, कोणाच्या जातीची, कोणाच्या गटाची, यावर पुष्कळ काही ठरत असे. मुलाखतीत उमेदवाराच्या विषयापेक्षा त्याच्या आडनावावर अधिक प्रश्न विचारले गेल्याच्या हकिगती आपल्या बैठकांत आपण ऐकलेल्या आहेत. मोठ्या शहराचा उच्चार नाही, मागे कोणी प्राध्यापक नाही, शिफारसपत्र देणारा कोणी नाही, अशा मुलीच्या हातात समितीपुढे ठेवायला काय असते? माझे इतके निबंध इतक्या जणांनी वाचून वापरले आहेत, हा एक कागद. तो कागद नाकारताना समितीला थोडी तरी लाज वाटते. आकडा न वाचणाऱ्याचे हत्यार आहे, तशी तो दुर्बलाची ढालही आहे. ज्यांच्याजवळ दुसरी ढाल नाही त्यांना ती टाकून द्या असे सांगणे म्हणजे निर्दयपणा होईल.

पण ही ढाल सर्वांना सारखी मिळते काय? मर्टन यांनी सांगितलेला नियम आकड्यालाही लागू आहे. नामांकित संस्थेत बसलेल्याचा निबंध आधी वाचला जातो, म्हणून आधी उद्धृत होतो, म्हणून पुढचाही वाचला जातो. पूर्वग्रह खोलीतून बाहेर काढला, तो आकड्यात जाऊन बसला. शिवाय हे आकडे जेथून येतात त्या मोठ्या सूची प्रामुख्याने इंग्रजी नियतकालिके पाहतात. मराठीत लिहिलेले त्यांना जवळजवळ दिसतच नाही. डॉ. यू. म. पठाण यांचेच उदाहरण घ्या. महानुभाव साहित्य, मुसलमान संतकवींची मराठी रचना, फारसी आणि मराठीचे नाते, हे त्यांचे विषय. १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मराठी भाषेच्या घडणीत मुसलमानांचा वाटा कोणता, हा प्रश्न आज कोणी अभ्यासू लागला तर पठाण सरांच्या कामाला वळसा घालून त्याला जाता येणार नाही. आता हे सारे काम एच-इंडेक्सच्या यंत्रात घाला. काय निघेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

खरे नुकसान येथे आहे, आणि ते एका माणसाच्या बढतीपुरते नाही. तरुण संशोधक शहाणे असतात. कोणत्या विषयाला गुण मिळतात, हे त्यांना लवकर कळते. कोकणातल्या मुसलमानांची बोली, मराठवाड्यातल्या दर्ग्यांची कागदपत्रे, विणकरांच्या वस्तीतले तंत्र आणि त्यांचे शब्द, गावोगावच्या बायकांची लग्नगीते, हे विषय निवडले तर त्यांचा दाखला देणारे जगात किती निघतील? फार थोडे. मग तो मुलगा किंवा ती मुलगी ज्या विषयावर हजार जण आधीच लिहीत आहेत, तोच विषय घेते, कारण तेथे एकमेकांना उद्धृत करणारे पुष्कळ असतात. ज्या आजीच्या तोंडची गाणी टिपायची, ती आजी काही वाट पाहत थांबत नाही. ती गेली की तो शोधनिबंध कोणालाच लिहिता येत नाही. न लिहिलेल्या निबंधाचे उल्लेख शून्यच असणार, आणि त्या शून्याची नोंदही कोणत्या सूचीत होणार नाही.

मग करायचे काय? आम्हांला वाटते, प्रश्न आकडा ठेवावा की काढावा असा नाही. निकालाची जबाबदारी कोणाची, असा तो आहे. एखाद्या माणसाविषयी मत देणे ही शहादत आहे. साक्षीदाराला उलटतपासणी असते. तुला कसे कळले, तू स्वतः पाहिलेस काय, असे त्याला विचारता येते. आकड्याला हे विचारता येत नाही, आणि म्हणूनच तो अनेकांना सोयीचा वाटतो. त्याच्या आड उभे राहिले की मी अन्याय केला असे कोणी म्हणू शकत नाही. यंत्राने सांगितले, मी सही केली. पण सही माणसाची असते.

मार्ग अगदीच नाहीत असे नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे काही संपादक व प्रकाशकांनी एकत्र येऊन तयार केलेल्या जाहीरनाम्यात म्हटले आहे की नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाच्या कामाची पारख करू नये. २०१५ च्या ‘लायडेन जाहीरनाम्या’ने सांगितले की आकडे जाणकाराच्या निर्णयाला साहाय्य करतील, त्याची जागा घेणार नाहीत, आणि स्थानिक भाषांतील, स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण झाले पाहिजे. आपल्याकडे हे आणायचे तर फार मोठी यंत्रणा लागत नाही. उमेदवाराला त्याची सर्वोत्तम तीन कामे द्यायला सांगा, मग ती कोणत्याही भाषेत असोत. समितीतील किमान दोघांनी ती वाचावीत. निवड केली किंवा नाकारली, तर कामातील कोणत्या गुणामुळे किंवा दोषामुळे, हे चार ओळींत लिहून खाली सही करावी, आणि उमेदवाराला ते वाचायला मिळावे. आकडा सोबत राहू द्या. समितीचे मत आणि आकडा यांत मोठी तफावत असेल, तर ती का, याचा खुलासा समितीने करावा. म्हणजे वशिल्याला आकड्याचा धाक राहील आणि आकड्याला वाचणाऱ्याचा.

याला वेळ लागेल, अशी तक्रार होईल. लागणारच. शंभर अर्ज असतील तर आकड्याने त्यांतले दहा निवडा, त्याला आमची हरकत नाही. त्या दहांना तरी वाचा. जो माणूस आयुष्याची दहा वर्षे एका प्रश्नाला देतो, त्याला आपण दोन दुपारीही देऊ शकत नसू, तर त्याच्या पात्रतेविषयी बोलण्याचा आपल्याला हक्क काय?

आणि समितीत नसलेल्या आपल्यासारख्यांकडेही एक काम उरतेच. उल्लेख ही अमानत आहे असे आपण मानत असू, तर ती आपल्या लिखाणातही पाळावी लागेल. जेथून शब्द घेतला, ज्या बाईने गाणे सांगितले, ज्या मौलवीसाहेबांनी मोडक्या बाडातील ओळ वाचून दिली, ज्या विद्यार्थ्याने तक्ते तयार केले, त्यांची नावे त्यांच्या संमतीने लिहिली पाहिजेत, मग त्या नावांना कोणत्या सूचीत किंमत असो वा नसो. मराठीत मराठी अभ्यासकांचाच दाखला द्यायला आपण संकोचतो आणि इंग्रजी पुस्तकाचे नाव मात्र हौसेने टाकतो. आपल्याच शेजाऱ्याचे काम आपण वाचले नाही, तर दूरचे यंत्र ते वाचील अशी अपेक्षा धरण्यात काय अर्थ आहे?